अडीच रुपये मण, आणा शेर

उत्तम कापूर त्रेसष्ट पळे घेतला तर एकशे चार निष्क पडतात; मग सव्वाबारा पळांना किती पडतील? भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ.स. ११५० च्या सुमारास, ‘लीलावती’त हे उदाहरण घातले. आजचा विद्यार्थी कॅल्क्युलेटरवर १०४ ला १२.२५ ने गुणील, ६३ ने भागील आणि २०.२२ असे लिहून मोकळा होईल. भास्कराचार्यांचे उत्तर त्याहून लांब आहे : २० निष्क, ३ द्रम्म, ८ पण, ३ काकिणी आणि ११ पूर्णांक एक नवमांश कवड्या.

त्या काळच्या कोष्टकात २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिण्यांचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म आणि १६ द्रम्मांचा एक निष्क होता. त्यामुळे पहिल्या भागाकारात गणित संपत नसे. उरलेल्या अपूर्णांकाला आधी सोळाने, पुन्हा सोळाने, मग चाराने आणि शेवटी विसाने गुणत कवडीपर्यंत उतरावे लागे. दर काढणे हे निम्मे काम आणि तो दर बाजारात चालणाऱ्या नाण्यांत बसवणे हे उरलेले निम्मे. म्हणूनच ‘लीलावती’त मंगलाचरण आटोपले की बेरीज-वजाबाकीच्याही आधी मापांची कोष्टके येतात : दोन यवांची गुंज, पाच गुंजांचा मासा, सोळा माशांचा कर्ष, चार कर्षांचे पळ, चोवीस अंगुळांचा हात, चार हातांचा दंड, दोन हजार दंडांचा कोस.

या सगळ्या व्यवहाराची किल्ली म्हणजे त्रैराशिक. तीन राशी माहीत, चौथी शोधायची. पहिल्या राशीला प्रमाण म्हणत, तिच्या मोबदल्यात मिळते ते फळ आणि आपल्याला हवी ती इच्छा. फळाला इच्छेने गुणायचे, प्रमाणाने भागायचे. आर्यभटाने ४९९ मध्ये हा नियम एका श्लोकात दिला होता. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने त्याचा विस्तार पाच, सात, नऊ आणि अकरा राशींपर्यंत नेला आणि एक राशी वाढली की दुसरी घटते अशा व्यस्त त्रैराशिकाचाही नियम सांगितला. भास्कराचार्यांचे तर म्हणणे असे की विष्णूने जसे विश्व व्यापले आहे, तसे त्रैराशिकाने गणित व्यापले आहे.

त्यांची उदाहरणे वाचताना बाराव्या शतकातला बाजार उभा राहतो. सात आढक मावतील अशा मापाने धान्याची रास मोजली, तर शंभर मापे भरली. पाच आढकांच्या मापाने किती भरतील? एकशे चाळीस. सोनार चार प्रतींचे सोने एकत्र आटवतो : तेरा वर्णाचे दहा मासे, बारा वर्णाचे चार, अकरा वर्णाचे दोन आणि दहा वर्णाचे चार. वीस माशांच्या त्या गोळ्याचा कस किती? बारा वर्ण. चार झरे एकेकटे सोडले तर तळे अनुक्रमे एका दिवसात, अर्ध्या दिवसात, दिवसाच्या तिसऱ्या आणि सहाव्या हिश्श्यात भरतात. चारही एकदम सोडले तर? दिवसाच्या बाराव्या हिश्श्यात. पुढे मराठी शाळांमध्ये काळ-काम-वेगाच्या गणितांनी ज्या नळांनी आणि टाक्यांनी पिढ्यान् पिढ्या मुलांना घाम फोडला, त्यांचे पूर्वज हे झरे.

धान्याच्या राशीचे उदाहरण व्यस्त त्रैराशिकाचे; त्याच प्रकारात आणखीही एक उदाहरण आहे. सोळा वर्षांच्या स्त्रीला बत्तीस निष्क पडतात, तर वीस वर्षांच्या स्त्रीला किती? उत्तर २५ पूर्णांक तीन पंचमांश. धान्य आणि बैल यांच्या शेजारी माणसेही विकली जात होती आणि गणित त्यांचाही भाव तितक्याच सहजपणे काढत होते. मापाचे आणि दराचे गणित निरुपद्रवी कधीच नव्हते. माप कोणाचे, कोष्टक कोणाला पाठ आणि उरलेला अपूर्णांक कोणाच्या पदरात, हे प्रश्न त्याला पहिल्यापासून चिकटलेले आहेत.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण म्हणून गाव आहे. तिथला शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांनी इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिले. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात असला, तरी दानाचा व्यावहारिक तपशील जुन्या मराठीत आहे, कारण तो व्यापाऱ्यांना आणि तेल्यांना कळायला हवा होता. पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावरचे राजाचे येणे मठाला दिले आहे, दर घाण्यामागे पळीभर तेल द्यायचे आहे आणि जे काही मोजायचे ते मठाच्याच मापाने मोजायचे आहे. मोजणावळीतही मठाचा वाटा होता. भारतातल्या सर्वांत नामांकित गणितग्रंथाच्या पाठशाळेचा खर्च असा थेट मापावरच्या हक्कातून चालला.

पुढच्या शतकांत सत्ता बदलल्या, तशी मापेही. जमिनीचा हिशेब शिवकाळात नव्याने बसवला गेला. सभासद बखरीत त्याचे कोष्टक आहे : पाच हात आणि पाच मुठी यांची काठी, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद जमिनीचा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चावर. वीस चौरस काठ्यांचा पांड आणि वीस पांडांचा बिघा अशी मधली पायरीही होती. काठीची लांबी राज्याने ठरवून देण्याचे कारण उघड आहे. सारा बिघ्यावर बसतो. काठी वीतभर आखूड झाली की त्याच शेतात बिघे जास्त भरतात आणि कुणब्याच्या डोक्यावरचा सारा वाढतो. भास्कराचार्यांच्या धान्यराशीचे व्यस्त त्रैराशिक इथे जमिनीवर उतरलेले दिसते.

धान्य मात्र तोलण्यापेक्षा मापानेच दिले-घेतले जाई. दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. इथवर सगळे दुपटीने चढत जाते आणि डोक्यात सहज राहते. त्यापुढे गोंधळ सुरू होई. कुठे बारा पायल्यांचा मण, तर कुठे सोळा पायल्यांचा. वीस मणांची खंडी, पण मणच वेगळा असेल तर खंडीही वेगळी. शिवाय शेर मापाचा निराळा आणि वजनाचा निराळा. एका पेठेतून दुसऱ्या पेठेत माल नेणाऱ्या वाण्याला दोन्हीकडच्या मापांचे गुणोत्तर ठाऊक असे. गाडीभर ज्वारी घेऊन आलेल्या शेतकऱ्याला ते ठाऊक असेलच असे नाही. ‘मापात पाप’ हे शब्द मराठीत उगाच रुजले नाहीत.

ही गुणोत्तरे पाठ करून घेण्याची जागा म्हणजे पंतोजीची शाळा. धूळपाटीवर अंक गिरवून झाले की पाढे, आणि पाढ्यांमागून अपूर्णांकांचे पाढे : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. तिन्हीसांजेला दिवा लागला की घरोघर परवचा चाले आणि त्यात हे पाढेही येत. आज कोणाला वाटेल की साडेतीनचा किंवा अडीचचा पाढा पाठ करणे ही पोरांना छळण्याची युक्ती होती. पण त्या काळचे चलन आणि वजन यांच्याशी हे पाढे ताडून पाहिले की त्यांचा उपयोग दिसतो.

रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे आणि १९२ पै. मणाचे चाळीस शेर. आता अडीच रुपयांचे आणे किती? चाळीस. म्हणून अडीच रुपये मण म्हणजे आणा शेर. साडेसात रुपये मण असेल तर तीन आणे शेर, साडेबारा रुपये मण असेल तर पाच आणे शेर. ज्याला अडीचकी पाठ आहे, त्याने मणाचा भाव ऐकला की शेराचा भाव त्याच्या ओठांवर असे. शेराचे सोळा छटाक आणि रुपयाचे सोळा आणे, म्हणून शेराला जितके रुपये, छटाकाला तितकेच आणे. डझनाला जितके आणे, नगाला तितक्याच पै, कारण आण्याच्या पै बारा. एकक बदलण्याचे काम पाढ्यातच होऊन जाई; वेगळा गुणाकार-भागाकार मांडावा लागत नसे.

ऐंशी तोळ्यांच्या शेरातही हीच सोय होती. अर्धा केला की अच्छेर, त्याचा अर्धा पावशेर, त्याचा अर्धा नवटाक आणि त्याचा अर्धा छटाक. चाळीस, वीस, दहा, पाच तोळे. तराजूत दोन्ही पारडी सारखी करून निम्मे करता येते, दहावा हिस्सा करता येत नाही. दोन, चार, आठ, सोळा यांवर उभे राहिलेले ते जुने जग अडाणी नव्हते. हात, डोळा आणि तोंडी हिशेब यांना झेपेल असे ते रचलेले होते. अडचण एवढीच की तो तोंडी हिशेब ज्याला शिकायला मिळाला, त्याच्यापुरतेच ते सोपे होते.

ज्याला मिळाला नाही, त्याचे काय होई हे व्याजाच्या दरात दिसते. ‘लीलावती’तले पंचराशिकाचे उदाहरण आहे : शंभराला महिन्याला पाच व्याज, तर सोळांना वर्षाचे किती? उत्तर ९ पूर्णांक तीन पंचमांश. दरमहा पाच म्हणजे दरसाल साठ टक्के. सावकारी व्यवहारात दर नेहमीच महिन्याचा आणि लहान नाण्यात बोलला जाई आणि तो लहान वाटे. रुपयाला दरमहा एक पैसा म्हणजे वर्षाला १२ भागिले ६४, पावणेएकोणीस टक्के. रुपयाला दरमहा एक आणा म्हणजे वर्षाला पंच्याहत्तर टक्के. व्याज मुदलापेक्षा जास्त घ्यायचे नाही, असा दामदुपटीचा जुना नियम होता. आण्याच्या दराने ती मर्यादा सोळा महिन्यांत गाठली जाते, पैशाच्या दराने चौसष्ट महिन्यांत. रुपयाचे जितके आणे किंवा पैसे, तितकेच महिने. पण दामदुपट गाठली की जुना रोखा फाडून मुद्दल-व्याज मिळून नवा रोखा केला तर नियम कागदावरच राहतो.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. दंगे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. त्यांचा मुख्य रोख कागदांवर होता : खाती, रोखे, गहाणखते हिसकावून घ्यायची आणि जाळायची. ज्या आकड्यांची पडताळणी करता येत नव्हती, ते आकडेच नाहीसे करण्याचा तो प्रयत्न होता. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला आणि रोख्यावरच्या शेवटच्या आकड्यावर न थांबता व्यवहाराचा हिशेब मुळापासून उकलण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले. खेड्यातल्या प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे सांगताना त्यांनी मोडी आणि बाळबोध लेखन-वाचनाच्या जोडीला हिशेब ठेवला. सावकाराची वही मोडीत आणि तिच्यातले व्याज आण्या-पैंत. त्या वहीपुढे बसणाऱ्या माणसाला दोन्ही वाचता यायला हवे होते.

दरम्यान इंग्रज सरकारही मापांच्या जंजाळात अडकले होते. १८३३ मध्ये कंपनी सरकारने तोळा १८० ग्रेनचा ठरवला. त्यावरून ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा सरकारी मण, ८२ पौंडांहून थोडा अधिक, आजच्या हिशेबाने ३७.३२ किलो. पण मुंबईच्या बाजारातला मण २८ पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोंच्या आसपास. नाव एकच, वजनात जवळजवळ तिपटीचा फरक. मुंबईची वीस मणांची खंडी ५६० पौंडांची, तर कापसाची खंडी २८ मणांची, ७८४ पौंडांची. थॉमस बेस्ट जर्व्हिस या कोकणात मोजणी केलेल्या अधिकाऱ्याने १८३६ मध्ये साऱ्या हिंदुस्थानासाठी एकच शास्त्रीय मापपद्धती असावी म्हणून पुस्तक लिहिले. १८७१ मध्ये तर शेर म्हणजे एक किलोग्रॅम असे ठरवणारा कायदाही झाला. तो अंमलात कधी आलाच नाही. जमिनीपुरता बदल तेवढा रुजला : ३३ फुटांची साखळी, एका चौरस साखळीचा गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर.

खरा पालट स्वातंत्र्यानंतर झाला आणि त्याची सुरुवात खिशातून झाली. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नये पैसे झाले. जुनी नाणी काही वर्षे सोबत चालणार होती, म्हणून सरकारने आण्यांचे कोष्टक जाहीर केले. एक आणा म्हणजे खरे तर सव्वासहा नये पैसे. अर्धा किंवा त्याहून कमी अपूर्णांक सोडायचा, जास्त असेल तर पुरा धरायचा. त्यामुळे एक आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५. एक-एक आण्याच्या चार वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर २४ नये पैसे, एकदम घेतल्या तर २५. दीड आण्याचे ९ नये पैसे आणि अडीच आण्यांचे १६. काउंटरवर, बसमध्ये, दुधाच्या रतिबात रोज त्रैराशिक मांडले जाऊ लागले आणि उरलेला पाव पैसा कोणाचा यावरून वाद होऊ लागले. ‘नया’ हे विशेषण १९६४ मध्ये गळून पडले.

वजनांचा कायदा १९५६ चा, त्याची अंमलबजावणी ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आणि १ एप्रिल १९६२ पासून देशभर मेट्रिक वजने सक्तीची. शेर ९३३ ग्रॅमचा, किलो हजाराचा. म्हणून शेराचा भाव किलोला लावताना तो सुमारे सात टक्के वाढवायला हवा. त्याहून जास्त वाढवला तर ग्राहकाचे नुकसान, मुळीच न वाढवला तर दुकानदाराचे. गल्ल्याशेजारी कोष्टकांचे तक्ते लागले. शाळेतून पाऊणकी आणि औटकी हळूहळू मागे पडल्या. मण चाळीसाचा नाही आणि रुपया सोळाचा नाही, म्हटल्यावर त्यांना धरून ठेवणारे कारणच उरले नाही. दशांश चिन्ह दोन घरे सरकवले की क्विंटलवरून किलोवर आणि तीन घरे सरकवले की किलोवरून ग्रॅमवर येता येते. शेकडो वर्षांत पहिल्यांदाच एककांतर करायला पाठांतर लागेनासे झाले. मापाचे ज्ञान मूठभरांच्या हातून सुटून सगळ्यांच्या आवाक्यात आले, हा त्या बदलाचा मोठा लाभ. त्यासमोर तोंडी हिशेबाची घटलेली चपळाई ही फार मोठी किंमत म्हणता येणार नाही.

मात्र जुनी मापे गेली, असे म्हणणे घाईचे ठरेल. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत असते, पण सौदा गुंठ्यांत बोलला जातो. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, आर त्याहून किंचित लहान. हेक्टरमध्ये शंभर नव्हे, ९८.८४ गुंठे बसतात. हेक्टरचे शंभर गुंठे धरून पैसे मोजणाऱ्याचे सुमारे साडेबाराशे चौरस फूट हवेत जातात. शहरालगत एवढ्या जागेत एक घर उभे राहते.

कापसाचेही तेच. शेतकरी कापूस विकतो क्विंटलने. रुईचा व्यापार आजही खंडीने चालतो आणि ही खंडी म्हणजे तीच ७८४ पौंडांची, आता ३५६ किलोंची धरतात. समजा, रुईचा भाव खंडीला ६०,००० रुपये आहे. शंभर किलो कापसातून ३४ किलो रुई निघते असे धरले, तर एका क्विंटल कापसातल्या रुईची किंमत सुमारे ५,७०० रुपये होते. सरकीचे पैसे वेगळे मिळवायचे आणि जिनिंगचा खर्च वजा करायचा. वऱ्हाडातल्या ज्या शेतकऱ्याला हे त्रैराशिक येते, त्याला खंडीचा भाव ऐकून आपल्या दारातला भाव रास्त आहे की नाही हे ठरवता येते. शाळेच्या पुस्तकात मात्र खंडी नाही आणि रुईचा उताराही नाही. नळ आणि टाकी तेवढे अजून आहेत. गुणोत्तर शिकवायला सोयाबीनची पट्टी, कापसाचा भाव, सातबारा आणि सोनाराची पावती यांच्याइतके चांगले पुस्तक शोधून सापडणार नाही आणि ते प्रत्येक गावात फुकट मिळते.

सोन्याचा तोळा तर डोळ्यांदेखत बदलला. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आज सराफात तोळा म्हणजे १० ग्रॅम. आजीच्या पाच तोळ्यांच्या पाटल्या जुन्या तोळ्याने केलेल्या असतील, तर त्यांचे वजन ५८ ग्रॅमहून थोडे जास्त, म्हणजे आजचे जवळपास पावणेसहा तोळे भरते. कसाचे गणितही वेगळे करावे लागते : २२ कॅरेट म्हणजे २४ पैकी २२ भाग शुद्ध, म्हणूनच हॉलमार्कवर ९१६ हा आकडा असतो. तेव्हा घरातले जुने दागिने मोडायला नेण्याआधी जुन्या पावतीवरचे तोळे ११.६६ ने गुणून पाहावेत आणि नव्या पावतीवर वजन ग्रॅममध्ये आणि कस आकड्यात लिहून घ्यावा.